शपथेनंतरचे तीन दिवस

आगमनकाळाचा पहिला रविवार होता. उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि चिकोडीच्या परिसरातील रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या. त्या सकाळी मिस्सा आटोपल्यावर आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी वेदीपुढे गुडघे टेकले आणि साऱ्या धर्मग्रामासमक्ष शपथ वाहिली की, आजपासून आपण दारूला स्पर्श करणार नाही. येथे त्यांचे नाव देण्याचे कारण नाही. त्यांना आम्ही अण्णा म्हणू. बाजूला त्यांची पत्नी पदर डोळ्यांना लावून उभी होती. तिला सारा गाव आक्का म्हणतो, तेव्हा आपणही तेच म्हणावे.

या शपथेसाठी अण्णांना तयार करणारे आम्हीच होतो. महिनाभर त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे, मुलांची आठवण द्यावी, गहाण पडलेल्या शेताची आठवण द्यावी, हा आमचा क्रम होता. शपथ झाली तेव्हा आम्हास धन्यता वाटली हे कबूल केले पाहिजे. गावातील चार प्रतिष्ठितांनी आमचेही अभिनंदन केले आणि आम्ही ते स्वीकारले.

त्याच संध्याकाळी अण्णांच्या हातांना कंप सुटला. चहाची बशी त्यांना धरवेना. सोमवारी अंगाला दरदरून घाम आला, जेवण पोटात ठरेना, झोप तर नाहीच. आक्काने निरोप धाडला तेव्हा आम्ही सांगितले, ‘जुने पाप अंगातून बाहेर पडत आहे, दोन दिवस धीर धरा.’ हे वाक्य आज लिहितानाही आमची मान खाली जाते. सोमवारी मध्यरात्री त्यांना आकडी आली. शेजाऱ्यांनी नाकाला कांदा लावला, कोणी बाहेरची बाधा म्हणाले. मंगळवारी ते भिंतीवर किडे चालताना पाहू लागले, ते झटकू लागले, आणि आपल्या स्वतःच्या पत्नीस ओळखीनासे झाले. तेव्हा कुठे त्यांना जीपमध्ये घालून रुग्णालयात नेले.

डॉक्टर वयाने आमच्याहून पुष्कळच लहान होते. त्यांनी शिरेतून औषध सुरू केले, परिचारिकेस सूचना दिल्या आणि मग बाहेर येऊन विचारले, “एकदम बंद करायला कोणी सांगितलं?” आम्ही पुढे झालो. ते क्षणभर थांबून म्हणाले, “मास्तर, शपथ तुम्ही द्या, पण त्याआधी माणूस आमच्याकडे आणा. आणखी एक रात्र घरी काढली असती तर आज तुम्ही मातीला गेला असता.”

वाचकहो, त्यांनी त्या दिवशी आम्हास जे समजावून सांगितले ते आमच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात आम्ही कोठेही ऐकले नव्हते, आणि खेड्यातील आमच्या बहुतेक कुटुंबांनीही ऐकले नसावे. दारू मेंदूला गुंगी आणते, त्याची गती मंद करते. जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज पितो त्याचा मेंदू या गुंगीस तोंड देण्यासाठी उलट दिशेने जोर लावू लागतो. चढावर भरलेली गाडी ओढणारा बैल जसा पुढे रेटा देतो तसा. आता कोणी मागची गाडी एकाएकी सोडवली, तर बैल तोंडघशी पडेल. दारू अकस्मात थांबली की मेंदूचा तो रेटा मोकळा सुटतो. पहिल्या काही तासांत कंप व घाम, साधारणतः दोन दिवसांच्या आत आकडी, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, असा त्याचा क्रम असतो. प्रत्येकास हे होते असे नाही. परंतु ज्याला सकाळी उठताच हात स्थिर करण्यासाठी घोट घ्यावा लागतो, त्याने वैद्यकीय देखरेखीवाचून एकदम दारू सोडणे जिवावर बेतू शकते. औषधांच्या आधाराने तोच मनुष्य सामान्यतः आठवडाभरात या संकटातून सुखरूप पार पडतो. त्यासोबत ‘बी’ वर्गातील एक जीवनसत्त्व त्याला टोचून द्यावे लागते, कारण वर्षानुवर्षे अन्नाऐवजी दारूवर राहिलेल्या शरीरात त्याचा दुष्काळ असतो आणि त्यावाचून स्मृती कायमची जाण्याचा धोका असतो.

अण्णा वाचले. परंतु त्या प्रसंगापासून आमच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. आम्ही सगळेच, गावातले शहाणे, पुढारी, सरकार, दारूकडे एकाच रीतीने पाहतो: एका फटकाऱ्यात बंद करायची. बाटली बंद केली की काम झाले, अशी आमची समजूत. पण ती बाटली ज्याच्या हातात होती त्या माणसाचे दुसऱ्या दिवशी काय होते, हे पाहायला कोणी थांबत नाही. आमच्या या सीमाभागाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास चाळला तर हेच दिसून येते.

आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल की, बेळगाव जिल्हा पूर्वी मुंबई राज्यात होता. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी अंमलात आणली. मोरारजीभाई देसाई हे त्याचे खंदे पुरस्कर्ते होते. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा असे राज्यांस सांगितलेच होते. मिस्साबलिदानात लागणाऱ्या द्राक्षारसासाठी कायद्यात सवलत ठेवली होती. औषधांत मिसळलेल्या मद्यार्काचे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५१ साली न्यायालयाने औषधे व प्रसाधने या बंदीतून वगळली. परिणाम असा झाला की, औषधाच्या नावाखाली आल्याचा अर्क पिणारे लोक निघाले.

कायद्यामागचा हेतू शुद्ध होता याविषयी आम्हास शंका नाही. पण गुऱ्हाळाचा हा मुलूख; गूळ आणि मळी यांना तोटा नाही. ओढ्याकाठी, उसाच्या फडात हातभट्ट्या लागल्या. काळा गूळ आणि नवसागर कुजवून गाळलेला तो द्रव रबराच्या फुग्यांतून आणि ट्यूबांतून गावोगाव जाऊ लागला. मुंबईत तर राहत्या घरातून दारू विकणाऱ्या बायांना ‘आंटी’ असे नावच पडले, आणि त्यांतील कित्येक आमच्याच समाजातल्या, पोटासाठी या धंद्यात पडलेल्या विधवा होत्या, ही गोष्ट आम्ही सहसा बोलून दाखवीत नाही. दाखवायला हवी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा वाद तेव्हापासून आजवर चालू आहे; तो या लेखाचा विषय नव्हे. आमचा मुद्दा इतकाच की सरकार बदलले तरी बंदी काही काळ राहिली आणि १९६७ साली म्हैसूर राज्याने ती उठविली. मग सरकारी परवान्याची दुकाने आली आणि कन्नडमध्ये जिला सारायी म्हणतात तो अर्क उघड मिळू लागला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून तो स्वस्तात विकला जाई. खेड्यांतील स्त्रियांनी त्याविरुद्ध पुष्कळ आरडाओरड केल्यावर १ जुलै २००७ पासून कर्नाटकात अर्कावर बंदी आली. त्या दिवशी कित्येक घरांत आनंद झाला असेल. परंतु पिणाऱ्याची तहान काही सरकारी हुकुमाने भागत नाही. त्याला त्याच दुकानात स्वस्त व्हिस्की आणि रम लहान लहान कागदी पाकिटांत मिळू लागली. पूर्वी मजुरीचा जो भाग अर्कात जात असे त्याहून मोठा भाग आता तिकडे जाऊ लागला. कर्नाटकात मद्याचा घाऊक व्यापार २००३ पासून सरकारच्याच महामंडळाकडे आहे आणि या खात्यातून राज्यास वर्षाकाठी ३०,००० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न होते. ज्या तिजोरीला एवढे दूध मिळते, ती गाय आपण होऊन विकायला काढील अशी आशा आम्ही बाळगत नाही. २०१९ च्या जानेवारीत हजारो ग्रामीण स्त्रिया दारूबंदीची मागणी घेऊन चित्रदुर्गाहून बेंगळुरूपर्यंत सुमारे २०० किलोमीटर पायी चालत गेल्या होत्या. त्यांच्या पायांना आमचा नमस्कार असो. पण बंदी आली तरी त्यांच्या घरातले अण्णा त्याच घरात राहणार आहेत, ही गोष्ट तेवढीच खरी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूरने २०१५ साली ती आणली आणि २०२१ साली सरकारने ती मागे घेतली. कोणाचे बरोबर हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही.

चोरट्या दारूविषयी मात्र एक सूचना स्पष्ट शब्दांत दिली पाहिजे, कारण तिच्यात घरातल्या माणसाचे प्राण आणि डोळे दोन्ही गुंतलेले आहेत. गाळलेल्या दारूची धार वाढावी म्हणून काही विक्रेते तिच्यात कारखान्यात वापरायचा मिथिल अल्कोहोल मिसळतात. चव व वास सारखाच. पण शरीरात गेल्यावर त्याचे विषारी आम्ल बनते आणि ते प्रथम डोळ्यांची शीर जाळते. दुर्दैव असे की, त्याची लक्षणे लगेच दिसत नाहीत. बारा तासांनी, कधी पूर्ण दिवसाने, मळमळ, पोटात दुखणे आणि डोळ्यांपुढे धुके असल्यासारखे वाटणे सुरू होते. ‘काल जास्त झाली’ म्हणून घरचे त्याला झोपू देतात आणि तो पुन्हा उठत नाही. १९८१ च्या जुलैमध्ये बेंगळुरूत अशा दारूने सुमारे ३०० माणसे दगावली. २००८ च्या मे महिन्यात, अर्कबंदीस वर्षही झाले नव्हते तोच, बेंगळुरू, कोलार आणि तमिळनाडूतील कृष्णगिरी या भागांत पुन्हा दीडशेच्या आसपास बळी पडले. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक. मेलेले बहुतेक सगळे हातावर पोट असलेले. तेव्हा पिऊन आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी ‘नीट दिसत नाही’ म्हणाला, तर त्याला रागावत बसू नये, गाडी बोलवावी. यावर उतारा आहे, परंतु तो वेळेत द्यावा लागतो.

आता तंबाखूविषयी. येथे आमची लेखणी किंचित अडखळते. निपाणी अगदी अलीकडेपर्यंत चिकोडी तालुक्यातच होती आणि निपाणीचा तंबाखू म्हणजे या भागाची भाकरी. त्याच्या रास्त भावासाठी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडविला, आणि त्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. वखारीत तंबाखू झोडणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीवर शिकलेली मुले आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, धर्मभगिनीही आहेत. अशा ठिकाणी तंबाखूला शिव्या घालणे सोपे नाही. तरीही भारतात तंबाखूमुळे दरवर्षी तेरा लाखांहून अधिक माणसे मरतात. गालफडात तंबाखूची गोळी ठेवणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा उठतो, तोंड पुरते उघडेनासे होते आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग होतो. महाराष्ट्राने २०१२ साली व कर्नाटकाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी मिळू लागली, दोन्ही तळहातावर एकत्र करायला दहावीचा विद्यार्थीही शिकला. येथेही बंदी पुडीवर आली, तळहात तसाच राहिला. सहावी-सातवीतल्या मुलाच्या दप्तरातून ती पुडी निघते तेव्हा बाप त्याला मारतो. आणि मारणाऱ्या हाताच्या खिशात तीच पुडी असते.

गांजा, झोपेच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, आणि शहरात शिकायला गेलेल्या मुलांकडून कानावर येणारी नवी नवी नावे यांविषयी पालक आम्हास भीतीने विचारतात. भीती योग्य आहे. १९८० नंतर मुंबई-पुण्यात ‘गर्द’ नावाच्या भुकटीने चांगल्या चांगल्या घरांतील तरुण कसे गिळले, हे अनिल अवचट यांनी त्याच नावाच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. मादक द्रव्यांचा १९८५ चा कायदा कडक आहे आणि त्यात विकणाऱ्यांइतकेच वापरणारी पोरेही अडकतात. परंतु आमच्या खेड्यांपुरते बोलायचे तर घरे उद्ध्वस्त करण्यात पहिला मान अजून दारूचाच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. त्या अहवालातील एक आकडा आम्हास सर्वांत अधिक बोचला: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात. बाकीच्या ३७ जणांना काय मिळते? शिव्या मिळतात, शपथा मिळतात, लिंबू-मिरची मिळते.

आक्काच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नंतर उघडकीस आली. शपथेच्या दोन वर्षे आधी तिने बाजारातून एक पूड आणली होती. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी त्या पुडीची जाहिरात. ती अण्णांच्या आमटीत घातली जाई. अण्णा पिऊन आले की त्यांचे तोंड लालबुंद होई, छाती धडधडे, ओकाऱ्या होत. एकदा ते अंगणात बेशुद्ध पडले. त्या पुडीत काय होते ते देवास ठाऊक. परंतु डॉक्टरांना वाटले की, दारूचा द्वेष उत्पन्न करणाऱ्या ज्या गोळ्या आहेत त्यांचाच तो चुरा असावा. या औषधाचा गुण दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कमधील डॉक्टरांच्या ध्यानात आला. रोग्याने जाणूनबुजून, हृदय व यकृत तपासून घेऊन ते घेतले तर त्याचा उपयोग होतो. चोरून दिले तर ते विष ठरू शकते. शिवाय ज्या दिवशी त्याला हे कळते त्या दिवसापासून तो आपल्या घरच्या आमटीवरही विश्वास ठेवीत नाही. आक्काने हे केले त्यात तिचा दोष आम्ही मानीत नाही. तिला दुसरा कोणताच मार्ग कोणी दाखविला नव्हता, आम्हीही नाही.

मार्ग दाखविणारे जगात नाहीत असे मात्र नाही. आयर्लंडमधील डब्लिन शहरात मॅट टॅल्बट नावाचा एक हमाल होऊन गेला. बाराव्या वर्षी तो दारूच्या गुत्तेदाराकडे कामाला लागला आणि तेथेच प्यायला शिकला. सोळा वर्षे तो पीत होता. १८८४ साली एका शनिवारी त्याच्याजवळ पैसे नव्हते; गुत्त्याच्या बाहेर तो उभा राहिला, आणि ज्यांना त्याने अनेकदा पाजले होते त्यांपैकी कोणीही त्याला आत बोलावले नाही. त्याच दिवशी त्याने शपथ घेतली. परंतु ध्यानात घ्या, ती जन्मभराची नव्हती. तीन महिन्यांची होती. मग सहा महिन्यांची. त्यानंतर जन्माची. १९२५ साली मिस्सेला जाताना रस्त्यात कोसळून तो मरण पावला, आणि १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला ‘पूजनीय’ म्हणून घोषित केले. तीन महिन्यांची शपथ! आम्ही अण्णांकडून एका सकाळी सारे आयुष्य मागून घेतले होते.

अमेरिकेतील एक्रन गावी १९३५ साली दोन दारुडे, एक दलाल व एक डॉक्टर, एकमेकांस भेटले आणि एकमेकांना सांभाळण्याच्या निश्चयातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ जन्मली. त्यांचा नियम फक्त आजच्या दिवसाचा: आज प्यायचे नाही, उद्याचे उद्या. त्या काळी रुग्णालये दारुड्यांना दारातून परत पाठवीत. १९३९ साली एक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील सिस्टर इग्नेशिया यांनी अशा एका रोग्याच्या कागदावर ‘पोटाचा विकार’ असे लिहून त्याला आत घेतले. ही लबाडी होती खरी. पण त्यानंतर त्याच धर्मभगिनीच्या देखरेखीखाली हजारो जण तेथे बरे झाले. १९५६ साली अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने दारूचे व्यसन हा रोग आहे हे मान्य केले. आपल्या देशात या चळवळीच्या सभा १९५७ पासून भरत आहेत आणि पुष्कळ शहरांत त्या चर्चच्याच खोल्यांत भरतात. तेथे आडनाव विचारीत नाहीत, फी घेत नाहीत.

आपल्याच माणसांचेही कार्य आहे. वांद्र्याचे फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य, आणि योगासनांचा उपयोग त्यांनी व्यसनमुक्तीसाठी केला. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट या दांपत्याने पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे रोग्यासोबत त्याच्या पत्नीशीही बोलतात, तिचे ऐकून घेतात. कर्नाटकात धर्मस्थळच्या वतीने गावोगाव आठवडाभराची व्यसनमुक्ती शिबिरे भरविली जातात. ती आपल्या धर्मसभेची नाहीत म्हणून आपल्या कोणी जाऊ नये, असे एका वाचकाने आम्हास लिहिले होते. आग विझवायला आलेल्या शेजाऱ्याची जात विचारायची नसते, एवढेच आम्ही त्यास कळविले. आमच्या भागातून धारवाडची मानसिक आरोग्य संस्था फार दूर नाही, आणि जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजारांचे डॉक्टर असतात. शिवाय १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी सरकारने ठेवलेला दूरध्वनी क्रमांक आहे, त्यास पैसे पडत नाहीत. घरातल्या स्त्रीनेही तेथे बोलावे, पिणारा तयार नसला तरी.

आम्ही स्वतःकडेही पाहिले पाहिजे. हिंदू शेजाऱ्यांत आमची एक ख्याती आहे, ती अशी की ‘ख्रिस्ती लोकांच्या लग्नात चालते’. ही ख्याती आम्ही हसून मान्य करतो. काना गावच्या लग्नाचा दाखला तर आमच्या ओठांवर असतोच. त्या लग्नात प्रभूची आई यजमानाची लाज राखण्यासाठी पुढे झाली, हे आम्ही सोयीने विसरतो. आमच्या लग्नांत यजमान कर्ज काढून पाजतो आणि त्याची लाज पहाटेस रस्त्यावर पडलेली असते. सणाला, बारशाला, तेराव्याच्या जागी आपण करतो त्या प्रार्थनेनंतरही, पेला पुढे येतो. अण्णांना पहिला पेला आमच्याच नात्यातील एका लग्नात, त्यांच्या विसाव्या वर्षी, ‘घ्या हो, एकाने काय होते’ म्हणून देण्यात आला. देणारा आज हयात नाही. तेथे जवळच उभे असलेले आम्ही आहोत.

अण्णा रुग्णालयातून नवव्या दिवशी घरी आले. चार महिने गोळ्या घेतल्या, महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे गेले. मग पाचव्या महिन्यात, मेहुण्याच्या घरी, घसरले. गावाने लगेच निकाल दिला, ‘वेदीपुढची शपथ मोडली, आता देवही वाचवणार नाही.’ आक्का रडत आमच्याकडे आली. या वेळी आम्ही उपदेश केला नाही. तिला घेऊन तडक डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “मधुमेह्याची साखर वाढली तर तुम्ही त्याला पापी म्हणता का? परत आणा त्यांना.” पुन्हा आठ दिवस. पुन्हा गोळ्या. फादरांनीही त्यांना बोलावून घेतले आणि शपथेचा शब्दही न काढता चर्चच्या अंगणातील रोपांना पाणी घालण्याचे काम सोपविले, संध्याकाळी पाच ते सात. पाच ते सात हीच पूर्वी त्यांची गुत्त्यावर जाण्याची वेळ होती.

त्यानंतर आणखी एकदा घसरण झाली. आक्काने स्वयंपाकघरात भिंतीला एक दिनदर्शिका टांगली आहे. रोज रात्री जपमाळ झाली की, त्या दिवसाच्या चौकोनात ती पेन्सिलीने एक आकडा लिहिते. अण्णा घसरले त्या दिवशी तिने पान फाडले नाही की मागचे आकडे खोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा १ लिहिला. गेल्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे चहास गेलो होतो. बशी अण्णांनीच आमच्या हातात दिली. आकडा २१४ होता.